पेट्रोल आहे का?

‘यंत्र सुरू होत नाही’ या एका वाक्यात निदान चार निरनिराळ्या तक्रारी असतात. किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही, ही पहिली. किल्ली फिरवली आणि नुसतं ‘टक’ झालं, ही दुसरी. सेल्फ कण्हत कण्हत अर्धा वळसा फिरला आणि थांबला, ही तिसरी. आणि सेल्फ झकास फिरतोय, इंजिन फिरतंय, मधूनच एखादा खोकलाही येतोय, पण पुढे सरकत नाही, ही चौथी. मी नोकरीभर चिंचवडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. फोनवर कुणी ‘मशीन बंद आहे’ एवढंच सांगितलं तर मी खुर्चीतून उठत नसे. बंद म्हणजे कसं बंद? आवाज येतोय का? कसला? निम्मी दुरुस्ती तिथेच व्हायची. उरलेली निम्मी करायला मात्र जावंच लागायचं, कारण समोरच्याने आवाज ऐकलेलाच नसायचा. तो थेट निकाल सांगायचा : “साहेब, मोटर जळली.” जाऊन बघावं तर फ्यूज.

माणसाचा संशय नेहमी सगळ्यात महागड्या भागापासून सुरू होतो, हे मला तिथे कळलं. वरवर बघता हे उलटं वाटतं. पैसे वाचावेत असं कुणाला वाटत नाही? पण मोटर जळली असेल तर त्यात आपला हात नसतो. नशीब, कंपनी, वीज मंडळ, कुणाकडेही बोट दाखवता येतं. फ्यूज उडालेला निघाला तर मात्र ‘एवढं बघितलं नाहीस?’ हे ऐकून घ्यावं लागतं. मोठा बिघाड माणसाची इभ्रत राखतो, बारका बिघाड ती घालवतो. म्हणून लोक इंजिन उतरवायला तयार असतात, पण टाकीचं झाकण उघडून आत बघायला नाही.

आमची लेक ओहायो राज्यात, कोलंबस शहराच्या बाहेरच्या एका वस्तीत राहते. घराभोवती अर्धा एकर जमीन आहे. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे, हे सातारच्या चुलतभावाला सांगितलं तर त्याने पहिल्यांदा विचारलं, “काय लावलंय?” गवत, म्हणालो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आणि गाई किती?” गाई नाहीत. गवत वाढवायचं, त्याला खत घालायचं, पाणी द्यायचं आणि वाढलं की कापायचं. कापलेलं गवत कुणी खात नाही. ते बारीक होऊन तिथेच पडतं. चुलतभावाने हा विषय पुन्हा काढलेला नाही.

त्याला मी पुढचा आकडा सांगितलाच नाही. उपग्रहांच्या आणि हवाई छायाचित्रांच्या आधारे केलेला एक अंदाज २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार अमेरिकेतल्या हिरवळीचं एकूण क्षेत्र एक लाख साठ हजार चौरस किलोमीटरच्या पुढे जातं. अख्खा महाराष्ट्र तीन लाख सात हजारांचा. म्हणजे निम्म्याहून जास्त महाराष्ट्र, सह्याद्रीसकट, नुसता कापत बसायचा. आणि हे हौसेचं प्रकरण आहे असंही नाही. बहुतेक गावांत नियम असतो : गवत कुठे आठ इंचांच्या, कुठे दहाच्या, कुठे बाराच्या वर गेलं की नगरपालिकेची नोटीस येते. तरी कापलं नाही तर पालिका माणूस पाठवून कापून घेते आणि बिल तुमच्या नावावर. आपल्याकडे अतिक्रमण काढायला पालिका येते. तिकडे गवतच अतिक्रमण करतं.

या सगळ्याचं मूळ इंग्लंडात, स्ट्राउडच्या खोऱ्यात आहे. तिथे लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. बनातीवर उभे राहिलेले तंतू एकसारखे भादरण्यासाठी एक यंत्र असायचं : आडव्या नळकांड्यावर गुंडाळलेली पाती, आणि खालून सरकणारं कापड. एडविन बडिंग नावाच्या कारागिराच्या डोक्यात आलं की हेच जमिनीवर का फिरवू नये? १८३० साली त्याने पेटंट घेतलं. गवताकडे कापड म्हणून बघण्याची सवय जगाला त्याने लावली, आणि आज जावईबापूंच्या शनिवारावर जी जप्ती येते तिचा मूळ हुकूम हाच, असं माझं मत आहे. त्याआधी मोठ्या बंगल्यांचं गवत लांब दांड्याच्या विळ्याने कापायचे, नाहीतर मेंढ्या सोडायचे. मेंढ्यांची पद्धत तशी फार जुनीही नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, माणसं युद्धाच्या कामाला लागावीत म्हणून, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्या चरायला सोडल्या होत्या आणि त्यांच्या लोकरीचा लिलाव रेड क्रॉससाठी केला होता. एप्रिलमध्ये मेंढी सुरू होत नाही, अशी तक्रार कुठे नोंदलेली नाही.

जावईबापूंचं यंत्र मात्र एप्रिलमध्ये सुरू झालं नाही.

यंत्र म्हणजे बसून चालवायचं. लहानसा ट्रॅक्टरच, पोटाखाली चकतीसारखं झाकण आणि त्यात दोन पाती. इंजिन अठरा हॉर्सपॉवरचं. आपल्याकडे पंधरा हॉर्सपॉवरचे छोटे ट्रॅक्टर द्राक्षबागेत अख्खं काम ओढतात. इथे त्याहून जास्त ताकद वीस गुंठ्यांची दाढी करायला. हिवाळाभर ते गॅरेजमध्ये उभं होतं. त्या शनिवारी जावई त्यावर बसले, किल्ली फिरवली, आणि काहीच झालं नाही. ‘टक’ नाही, कण्हणं नाही. तक्रार पहिली.

मी दारातच चहाचा कप घेऊन उभा होतो. माझ्या डोक्यात तीन प्रश्न तयार होते आणि तिन्ही फुकट होते. पण सासऱ्याने जावयाला यंत्राविषयी काय विचारावं, याचे आपल्याकडे काही अलिखित नियम आहेत. हवा कशी आहे, हे विचारता येतं. यंत्र किती जुनं, हेही चालतं. पण ‘पेट्रोल आहे का?’ हे विचारता येत नाही. तो प्रश्न नसतोच. त्याचा अर्थ, आमची मुलगी आम्ही कुणाला दिली, असा निघतो. आमचे हे जावई तर फार सज्जन. मी काही म्हटलं असतं तर त्यांनी मुकाट्याने टाकीचं झाकण उघडलंही असतं, आणि आत काठोकाठ पेट्रोल दिसल्यावर मला कुठे बघावं कळलं नसतं. म्हणून मी समोरच्या मेपलला पालवी फुटलीय का ते बघू लागलो.

जावई संगणकातले. त्यांनी फोन काढला, व्हिडिओ बघितले आणि थोड्या वेळाने जाहीर केलं, “बाबा, सोलेनॉइड गेलेला दिसतोय. नाहीतर स्टार्टर मोटरच.” मला एकदम चिंचवडला परत गेल्यासारखं वाटलं. सोलेनॉइड म्हणजे सेल्फकडे वीज सोडणारा खटका; मोटर गेली असती तर त्याचं निदान टक तरी झालं असतं, हे ओठांवर आलं होतं, पण मेपलनेच मला वाचवलं. त्यांनी सोलेनॉइड मागवलासुद्धा.

तिकडे घरांना कुंपणं नसतात. एकाचं गवत संपतं तिथून दुसऱ्याचं सुरू होतं, आणि फरक फक्त उंचीवरून कळतो. त्यामुळे शेजारी केव्हा आपल्या हद्दीत आला ते समजत नाही. हे शेजारी आजोबा म्हणजे जन्मभर मक्याची शेती केलेला माणूस. त्यांनी जावयांना हाक मारली, जवळ आले, आणि कसलाही संकोच न करता एकापाठोपाठ एक विचारत सुटले : पेट्रोल आहे का? ब्रेक पूर्ण दाबलास का? ते पिवळं बटण खाली आहे का?

पिवळं बटण वर होतं.

या यंत्रांची ही गंमत आपल्याकडच्या गाड्यांवर वाढलेल्या माणसाला पटकन उमगत नाही. आपली स्कूटर सुरू होत नसेल तर काहीतरी बिघडलेलं असतं. हे यंत्र पूर्ण धडधाकट असूनही नकार देऊ शकतं. फिरत्या पात्याच्या टोकाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात जातो. तिथे हात किंवा पाय गेला तर डॉक्टरलाही करण्यासारखं फारसं उरत नाही, आणि असे अपघात इतके झाले की नियम करावे लागले. ढकलायच्या यंत्रांना १९८२ पासून अट आहे : दांड्यावरचा हात सुटला की तीन सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. बसायच्या यंत्रांत ठिकठिकाणी खटके असतात. एक सीटखाली : कुणी बसलंय का? एक ब्रेकच्या पायपट्टीपाशी : पाय दाबलाय का? एक त्या पिवळ्या बटणात : पाती सुटी आहेत का? पायाचं आणि पात्यांचं उत्तर बरोबर आलं नाही तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही. आणि ब्रेक सोडलेला असताना सीट रिकामी झाली तर चालतं इंजिनही बंद पडतं. म्हणजे मी जे विचारायला लाजत होतो ते यंत्र मघापासून विचारतच होतं. ते नात्यातलं नव्हतं, एवढाच फरक.

बटण वर कसं गेलं, याचा तपास कुणी केला नाही. हिवाळाभर आमचा नातू किल्ली नसलेल्या त्या यंत्रावर बसून रोज मुंबईला जाऊन येत होता, एवढं मला माहीत आहे. मी पुन्हा मेपल बघितला.

बटण खाली केल्यावर तक्रार तिसरी सुरू झाली : सेल्फने एकदा कण्हून घेतलं. ही सुधारणा असते, हे मेंटेनन्सच्या माणसालाच कळतं. मुका रोगी कण्हायला लागला की आम्हाला बरं वाटतं. बॅटरीच्या टोकांवर पांढरट हिरवी पूड जमली होती. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ती धुतली. फेस येतो आणि पितळ पुन्हा पितळ दिसायला लागतं. मीटर लावला तर बारा व्होल्टसुद्धा नव्हते. भरलेली बॅटरी साडेबाराच्या जरा वर असते, त्यामुळे बारा म्हणजे ‘निम्मी तर आहे’ असं नाही, तळ दिसायला लागला असं समजायचं. रात्रभर चार्जरला लावली.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते मला फार आवडतं आणि पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडेल. याच तिसऱ्या तक्रारीत कधी कधी बॅटरी नवी असते, तारा चकचकीत असतात, तरी इंजिन अर्धा वळसा फिरून भिंतीला धडकल्यासारखं थांबतं. माणूस बॅटरी बदलतो, मग सेल्फ बदलतो, मग यंत्राला शिव्या देतो. खरं कारण वेगळंच असतं. या इंजिनांत सुरुवातीला दाब थोडा सुटावा म्हणून व्हॉल्व्ह किंचित उघडं धरणारी एक बारीकशी सोय असते, म्हणजे छोट्या सेल्फलाही इंजिन फिरवता येतं. पण व्हॉल्व्हचा गॅप झिजेने वाढला की ती सोय व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही, आणि सेल्फला सगळा दाब एकट्याने ढकलावा लागतो. वरचं झाकण काढून फीलर गेजने गॅप बसवला की झालं. एक स्क्रू आणि एक नट. अशा वेळी महागडा संशय आणि खरा दोष यांच्यात केसाएवढ्या फटीचं अंतर असतं. आमच्या यंत्रात मात्र हे नव्हतं. निव्वळ बॅटरी होती.

दुसऱ्या दिवशी सेल्फ गरगर फिरला, इंजिन खोकलं, आणि थांबलं. चौथी तक्रार. आता पेट्रोलचीच पाळी होती, आणि पेट्रोल टाकीत भरपूर होतं. फक्त ते ऑक्टोबरचं होतं. तिकडच्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं, मक्याचं. आपल्याकडे उसाचं, आणि आता मक्याचंही, असतं आणि प्रमाण वीस टक्क्यांवर गेलंय, तेव्हा हा विषय आपल्याही दारात आलेला आहे. इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेतं. महिना-दोन महिन्यांत पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, मागे राहतो तो चिकट राळेसारखा थर, आणि तो नेमका कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो, जिथे भोक सुईच्या टोकाएवढं असतं.

कार्बोरेटर म्हटल्यावर जावयांनी माझ्याकडे पाहिलं. “बाबा, तुम्ही बघता का?” आता नियम बदलले. विचारणं अपमानाचं असतं, पण हात काळे करणं सन्मानाचं, असा आपला समाज आहे. मी बाह्या सरसावल्या.

ज्याने उमेदीच्या काळात बजाजची स्कूटर वापरली त्याला कार्बोरेटरची भीती नसते. स्कूटर उजवीकडे वाकवायची, परत सरळ करायची, चोक ओढायचा, किका मारायच्या; ओव्हर झाली की प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची, परत लावायचा. हे सगळं ऑफिसच्या कपड्यांत, आणि मागे बायको डबा धरून उभी. ती विद्या पुण्यात आता कुणाला लागत नाही. ओहायोत लागली. वाटीच्या तळाशी साधा नट असेल असं वाटलं होतं, तिथे विजेवर चालणारा एक खटका होता. किल्ली फिरवली की टिक करून पेट्रोलची वाट मोकळी करतो. टिक होत होतं, म्हणजे तो बरा होता. वाटी उतरवली तर आत जुन्या वॉर्निशचा वास आणि तळाला पांढरी खरपुडी. जेट उजेडासमोर धरला. पलीकडचं काही दिसेना.

मी लेकीला म्हटलं, केरसुणीची एक हीर दे. ती हसायलाच लागली. त्या घरात केर काढणारं एक गोल यंत्र आपलं आपण फिरतं, त्याला हीर नसते. शेवटी ब्रेडच्या पिशवीचं तोंड बांधायला येते ना ती कागदी पट्टी, तिच्यात बारीक तार असते. कागद सोलला, तार घातली, उजेड दिसला. एअर फिल्टर बघावा म्हणून झाकण उघडलं तर आत उंदरांचा संसार : वाळलेलं गवत, कापूस, आणि आमच्या हिच्या हरवलेल्या मोज्याची लोकर. सुदैवाने तारा कुरतडलेल्या नव्हत्या. मोज्याचा शोध लागल्यामुळे माझ्यावरचा एक जुना आरोप मागे घेतला गेला, हा जादा फायदा.

दरम्यान जावयांनी नवं यंत्रच घेऊ या, असा विषय काढला होता. तेव्हा मी त्यांना ॲल्विन स्ट्रेट सांगितले. हे आयोवा राज्यातले त्र्याहत्तर वर्षांचे गृहस्थ. नजर अधू, त्यामुळे गाडीचा परवाना नाही. विस्कॉन्सिनमध्ये भाऊ आजारी पडला, तेव्हा १९९४ च्या उन्हाळ्यात हे असल्याच गवत कापायच्या यंत्रावर बसून, मागे छोटी गाडी जोडून, भावाकडे निघाले. अंतर सुमारे २४० मैल. साधारण पुण्याहून सावंतवाडी. वाटेत यंत्र बिघडलं, दुरुस्त केलं, पैसे संपले, पेन्शनची वाट बघत थांबले, पण पोचले. डेव्हिड लिंचने १९९९ मध्ये त्यावर ‘द स्ट्रेट स्टोरी’ हा सिनेमा केला. त्यात म्हातारा आधीच्या, दगा दिलेल्या यंत्राला सरळ गोळी घालतो. हे ऐकून जावई पहिल्यांदाच मनापासून खुलले. नव्या यंत्राचा विषय मागे पडला. एकूण यंत्रावर बंदूक चालवणारा कुणीतरी होऊन गेलाय, एवढ्यानेही माणसाला धीर येतो.

नवं पेट्रोल घातलं, चोक ओढला, ब्रेक दाबला, बटण खाली आहे हे सगळ्यांनी आपापलं पाहून घेतलं. इंजिन लागलं. आधी निळसर धूर, मग एकसारखा आवाज. शेजारच्या आजोबांनी लांबूनच हात केला.

मग पुण्याला पाठवायला फोटो हवा म्हणून ही सीटवर बसली. साडी सावरत, अगदी पुढच्या कडेला. जावयांनी हौसेने ब्रेक सोडायला सांगितलं, आणि इंजिन फट्‌कन बंद पडलं. सीटखालच्या खटक्याचं म्हणणं, कुणी बसलेलंच नाही. हिने माझ्याकडे असं बघितलं की जणू तो खटका मीच बसवलाय. “मागे रेलून बसा, आई,” जावई म्हणाले. “मी बसलेय ते याला कळत नसेल तर मी कशाला रेलू?” ही म्हणाली आणि उतरली. फोटो बंद यंत्राचाच गेला. गावी सगळ्यांना तो चालू असल्यासारखा वाटला.

मागवलेला सोलेनॉइड पुढच्या आठवड्यात आला. तो परत पाठवायचा होता, पण जावयांनी फडताळात ठेवून दिला. “असू दे बाबा, कधी लागला तर.” मी काही बोललो नाही.

निघताना मी एक कागद लिहून यंत्राच्या बॉनेटच्या आतून चिकटवला. आधी पेट्रोल बघणे, मग ब्रेक, मग बटण. हिवाळ्याआधी टाकीत पेट्रोल टिकवायचं औषध घालून इंजिन थोडा वेळ चालवणे. बॅटरी काढून घरात ठेवणे. आणि शेवटी, उंदीर. जे तोंडाने विचारता येत नाही ते लिहून चिकटवता येतं, आणि मराठीत लिहिलं की शेजारी वाचत नाहीत.

दिवाळीत लेकीचा फोन आला. औषध घातलं, बॅटरी कपाटात ठेवली, यंत्रापाशी डांबराच्या गोळ्याही ठेवल्या म्हणाली. गॅरेजचं दार उघडलं की सातारच्या आजीच्या ट्रंकेचा वास येतो. जावयांनी मागून विचारलं, “बाबा, कागदावर शेवटी नुसतं ‘उंदीर’ लिहिलंय. त्यांचं नक्की काय करायचं?”

म्हटलं, आधी आहेत का ते बघा.